मांसासाठीच्या कळपाला नवा वळू घ्यायचाय, नेमकं काय बघायचं?

रानवारा
नमस्कार मंडळी. मांसासाठी वाढवलेला 34 माद्यांचा कळप आहे आमचा. वेतातल्या 25 गाई आणि यंदा पहिल्यांदा फळायच्या 9 कालवडी. जुना वळू दोन हंगाम कळपात होता. गुणाचा होता, पण या 9 पैकी 6 कालवडी त्याच्याच पोटच्या, त्यामुळे आता त्याला कळपात ठेवता येत नाही.
तीन वळू बघून आलोय. पहिला तीन वर्षांचा, साडेनऊशे किलोंचा, दुसऱ्या एका कळपात काम केलेला. त्याची पाठ आणि पुठ्ठा बघत राहावं असा आहे. दुसरा 24 महिन्यांचा, अंगानं मध्यम, अजून एकदाही गाईवर न सोडलेला. तिसरा 15 महिन्यांचा कोवळा खोंड, जन्माच्या वेळी हलका होता असं मालक म्हणाले. माझं मन पहिल्यावर बसलंय. घ्यायच्या आधी जाणत्यांना विचारावं म्हणून हा धागा काढला.

गोठेवाला
खाण तशी माती. वळूच्या आधी त्याची आई बघा. तिची कास, तिचे सड, ती दरवर्षी वेळेवर विते का, एवढं कळलं तरी निम्मा वळू कळला.

आकडेमोड
रानवारा, आधी एक सांगा. वासरांचं पुढे काय करता? कालवडी कळपात ठेवता की सगळी वासरं विकता?

रानवारा
दरवर्षी सहा-सात कालवडी ठेवतो. बाकीची वासरं दूध तोडल्यावर जातात.

आकडेमोड
मग प्रश्नच बदलला. सगळी वासरं विकायची असतील तर वाढीच्या अंगानं जोरदार वळू घ्यावा, वासरं भराभर वजन धरतात आणि जातात. तुम्ही मात्र त्याच्या मुली घरात ठेवणार. म्हणजे तुम्ही नुसता वासरांचा बाप घेत नाही आहात, पुढच्या गाई घेताय. नुसत्या वजनावर निवड केली की जन्माचं वजनही वाढत जातं आणि गाईही मोठ्या अंगाच्या होत जातात. मोठ्या गाईला वर्षभर जास्त चारा लागतो, आणि चारा कमी पडला की तीच आधी माजावर यायची थांबते. तुमच्या रानात जेवढी गाय पोसते तेवढीच गाय तयार करणारा वळू हवा.
हिशेब असा. आजच्या वासरात निम्मा अंश आजच्या वळूचा. आई तुमच्याच कळपात जन्मलेली असेल तर पाव अंश तिच्या बापाचा, आणि आजीही घरचीच असेल तर आठवा हिस्सा तिच्या बापाचा. तीन मिळून साडेसत्याऐंशी टक्के झाले. म्हणजे कालवडी घरच्या ठेवणाऱ्याचा कळप हा त्यानं घेतलेल्या शेवटच्या तीन वळूंचाच असतो. म्हणून वळू निवडताना मी घाई करत नाही, कोणाला करूही देत नाही.
आता आकड्यांबद्दल. तिघांचे ईपीडी मिळतायत का बघा. नोंदणीकृत जातीचे असतील तर जातीच्या संघटनेकडे असतात. ईपीडी म्हणजे त्या वळूची वासरं सरासरीपेक्षा किती वेगळी निघतील याचा अंदाज. एका वळूचा दूध तोडतानाच्या वजनाचा ईपीडी 8 किलो आणि दुसऱ्याचा 20 असेल, तर सारख्याच गाई आणि सारखाच चारा धरून दुसऱ्याची वासरं सरासरी 12 किलोंनी जड भरतील. प्रत्येक वासरू नव्हे, सरासरी. आणि तुलना एकाच जातीच्या, एकाच पद्धतीनं काढलेल्या आकड्यांची करायची. अँगस आणि शारोले या मांसाच्या दोन वेगळ्या जाती, एकीचा आकडा दुसरीच्या आकड्याशेजारी तसाच ठेवून उपयोग नाही, आधी जातींमधला फरक धरून दुरुस्ती करावी लागते.
आकड्याशेजारी विश्वासार्हता लिहिलेली असते, 0 ते 1 मध्ये. कोवळ्या वळूची ती कमीच असते, कारण त्याची वासरं अजून जन्मलेलीच नसतात. जनुकीय चाचणी केलेली असेल तर थोडी वर जाते.

जुना गुराखी
आकडे घरी बसून बघा, वळू चालताना बघा. मी बावीस वळू घेतले आयुष्यात. त्यातले पाच लवकर काढावे लागले, आणि त्या पाचांतले चार पायांमुळे.
उभा असताना मालक त्याला नीट उभा करतो. म्हणून मी म्हणतो, चालवा. ओल्या मातीवरून चालवलात तर उत्तम. पुढच्या खुराचा ठसा उमटतो, त्यावर मागचा खूर येऊन पडायला हवा. मागचा ठसा अलीकडेच राहत असेल तर कुठेतरी आखडतोय, बहुतेक मागचे पाय फार सरळ आहेत. सरळ मागच्या पायांचा वळू उभा राहिला की खांबासारखा दणकट दिसतो आणि नवख्या माणसाला तोच आवडतो. पण गाईवर चढतो तेव्हा सगळा भार मागच्या पायांवर येतो. गुडघ्याला आणि घोट्याला लवण नसेल तर झटका थेट सांध्यात जातो. दोन हंगामांत सांधा सुजतो, मग वळू गाईच्या मागे जातो, हुंगतो, उभा राहतो, पण चढत नाही. फार वाकलेले, कोयत्यासारखे पायही नकोत.
मग खूर बघा. दोन्ही नख्या सारख्या हव्यात, टोकं समोर हवीत. एक नखी दुसरीवर कात्रीसारखी चढत असेल किंवा मळसूत्रासारखी वळत असेल तर तो वळू सोडून द्या. खूर तासून आज सरळ दिसेल, पण हा दोष मुलींत उतरतो. नुकतेच तासलेले खूर दिसले तर का तासले ते विचारा.

रानवारा
गुराखीकाका, तुम्ही हे लिहिलंत आणि मला पहिल्याचे मागचे पाय आठवले. सरळच होते. मी त्याला दणकट पाय म्हणून मनात गुण दिले होते.

चारापाणी
मी थोडं वेगळं बोलते. साडेनऊशे किलो हे वजन कशावर आलंय ते विचारलंत का? खुराक घालून फुगवलेला वळू आणि रानात वाढलेला वळू शेजारी उभे केले तर पहिलाच डोळ्यांत भरतो. पण तो रानात आला की दीड-दोन महिन्यांत उतरतो, आणि नेमका हंगामात उतरतो. अंगाच्या 9 गुणांच्या मापात, 1 म्हणजे हडकुळा आणि 9 म्हणजे फार लठ्ठ, आम्ही साडेपाच ते सहाचा वळू घेतो. बरगड्या दिसू नयेत, पण हाताला लागाव्यात.
आता आमच्या घरचं सांगते. चार वर्षांचा आमचा वळू, आदल्या साली तपासलेला, उत्तम निघालेला. हंगामाच्या पाच-सहा आठवडे आधी त्याला तीन दिवस सणकून ताप आला. औषधानं बरा झाला, खायला लागला, आम्ही विसरलो. वळू सोडला. तो चढत होता, आम्ही बघत होतो. 21 दिवसांनी बऱ्याच गाई उलटल्या, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आल्या, तेव्हा वाटलं होईल पुढच्या वेळी. पुढच्या वेळी पुन्हा त्याच उलटल्या. गाभण तपासणी केली तेव्हा 28 गाईंपैकी 13 रिकाम्या. त्या तेरा गाईंच्या पाठीवरून मी एकेक हात फिरवला त्या संध्याकाळी, सगळ्या तब्येतीच्या, एकीतही खोट नव्हती. एक वर्षभर त्यांना पोसायचं आणि हाती वासरू नाही. चूक आमची, की आम्ही आदल्या वर्षीच्या तपासणीवर विसंबलो.

स्टेथोस्कोप
चारापाणीताई, तुमच्या वळूचं काय झालं ते सांगतो. वळूच्या वृषणात शुक्राणू तयार व्हायला साधारण 61 दिवस लागतात, त्यानंतर बाहेरच्या नळीतून यायला आणखी आठ-दहा दिवस. ताप आला की तयार होत असलेला माल बिघडतो, पण तो बाहेर पडेपर्यंत वळू वरून ठणठणीत दिसतो. वृषणं शरीरापेक्षा चार-पाच अंशांनी थंड राहायला लागतात, म्हणूनच ती बाहेर लोंबतात. म्हणून मी प्रत्येक पशुपालकाला सांगतो, प्रजननक्षमता तपासणी दर हंगामाआधी, दर वळूची. गेल्या वर्षीचा कागद यंदा चालत नाही.
रानवारा, तपासणीत काय होतं ते कळलं तर तुम्हालाही शेजारी उभं राहून बघता येईल. आधी पाय, डोळे, दात, अंगाची स्थिती. मग अंडकोष हातात घेऊन दोन्ही वृषणं चाचपतो. दोन्ही जवळपास सारखी, घट्ट पण दगडासारखी नव्हेत, पिशवीत मोकळी हलणारी हवीत. मऊ लागली तर मला काळजी वाटते. अंडकोषाची मान अरुंद हवी. वर रुंद आणि खाली रुंद अशी सरळ थैली दिसली तर मानेत चरबी भरली आहे, आणि ती वृषणांना थंड होऊ देत नाही. खुराकावर फुगवलेल्या वळूंत हे नेहमी दिसतं.
मग फितीनं सर्वांत रुंद भागाचा घेर मोजतो. सोसायटी फॉर थेरिओजेनॉलॉजी या जनावरांच्या प्रजननावर काम करणाऱ्या पशुवैद्यांच्या संस्थेच्या निकषांत 15 महिन्यांपर्यंत किमान 30 सेंटीमीटर, 15 ते 18 महिन्यांना 31, 18 ते 21 ला 32, 21 ते 24 ला 33 आणि दोन वर्षांवर 34 असा घेर लागतो. याखालचा वळू नापास. घेर बापाकडून मुलांत चांगला उतरतो, आणि मोठ्या घेराच्या वळूच्या मुलीही लवकर माजावर येतात. कालवडी ठेवणाऱ्यानं हे लक्षात ठेवावं.
त्यानंतर वीर्य काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघतो. पुढे सरकणारे शुक्राणू किमान 30 टक्के आणि नीट आकाराचे किमान 70 टक्के हवेत. त्याच वेळी शिश्न पूर्ण बाहेर येतं का, त्यावर मस आहेत का, केसांचं कडं अडकलंय का, खालून पडद्यानं ओढलेलं आहे का हेही दिसतं. कोवळ्या खोंडांत असे दोष बऱ्याचदा सापडतात आणि काही जागेवर दुरुस्तही होतात.
एक मात्र या तपासणीत कळत नाही. वळूला चढायची इच्छा आहे का. ती वीर्याशी आणि घेराशी बांधलेली नाही. ते डोळ्यांनीच बघावं लागतं.

आकडेमोड
डॉक्टर, कामाचं लिहिलंत. यात एक जोड देतो. प्रजननाचे गुण, म्हणजे गाय गाभण राहते का, वेळेवर विते का, हे वारशानं फार कमी उतरतात, साधारण दहा टक्क्यांच्या आसपास. जन्माचं आणि एक वर्षाचं वजन चाळीस टक्क्यांच्या आसपास उतरतं. म्हणून वजन निवडीनं भराभर हलतं आणि सगळे तिकडे धावतात. गाभण राहण्याचा गुण निवडीपेक्षा संकरानं जास्त सुधारतो. रानवारांच्या गाई एकाच जातीच्या असतील तर दुसऱ्या चांगल्या जातीचा वळू हा विचार मनात ठेवावा.

रानवारा
गाई अँगस आणि हेअरफर्डच्या मिश्र आहेत. तिन्ही वळू अँगस.

गोठेवाला
मग चाचण्यांचे कागद मागा. अँगसमध्ये 2008 साली वाकडी वासरं जन्मायचा दोष उघड झाला होता. पाठ वळलेली, सांधे आखडलेले, मेलेलीच जन्मायची. एका फार गाजलेल्या, फार वापरलेल्या वळूच्या वंशातून तो सगळीकडे गेला होता. दोष असलेला जनुक एकाच बाजूनं आला तर वळू दिसायला अगदी सुरेख. दोन्ही बाजूंनी आला तर वासरू गेलं. आता रक्ताच्या किंवा केसांच्या नमुन्यावरून वाहक ओळखता येतो.

जुना गुराखी
हेअरफर्डचंही आठवतं मला, म्हणजे वाडवडिलांकडून ऐकलेलं. गेल्या शतकाच्या मध्यात आखूड, रुंद, जमिनीलगतच्या गुरांची हौस होती. प्रदर्शनात तीच बक्षिसं घ्यायची. त्याच निवडीतून घोरणारी खुजी वासरं जन्माला येऊ लागली आणि नामांकित वंश मोडीत काढावे लागले. मग सत्तर-ऐंशीच्या दशकांत उलटी हौस, उंचच उंच वळू. ते वळू आले तेव्हा गाई मोठ्या झाल्या, वासरं मोठी झाली, अडलेल्या गाई वाढल्या. दोन्ही वेळा लोकांनी कळपाकडे पाठ करून मैदानाकडे बघितलं. मला याचा अजून राग येतो.

चारापाणी
अडलेल्या गाईवरून आठवलं, रानवारा, 9 कालवडींचं काय करणार? पहिलारू आहेत. त्यांच्यावर पहिला वळू सोडणार असाल तर मला रात्रभर झोप लागणार नाही.

स्टेथोस्कोप
ताई म्हणतात ते शंभर टक्के. कालवडींसाठी सुलभ प्रसूतीचा ईपीडी बघा. नुसतं जन्मवजन बघू नका, ते त्यातच धरलेलं असतं. पहिलारू अडली तर वासरू जातं, कधी तीच जाते, वाचली तरी पुन्हा माजावर यायला वेळ लावते. बेल्जियन ब्लूसारख्या दुहेरी स्नायूंच्या जातीत तर बहुतेक वासरं पोट फाडूनच काढावी लागतात. स्नायू कितीही सुंदर दिसले तरी ते ज्या वाटेनं बाहेर यायचे ती वाट कालवडीची आहे.
आणि पहिल्या वळूबद्दल माझी दुसरी भीती. तो दुसऱ्या कळपात काम करून आलाय. ट्रायकोमोनियासिस आणि कॅम्पिलोबॅक्टर हे गाईवर चढताना पसरणारे दोन रोग वळू अंगावर वाहतो आणि स्वतः आजारी दिसत नाही. गाई गाभण राहतात आणि आतल्या आत वासरू गमावतात. तीन वर्षांवरच्या वळूत हे जंतू जास्त टिकतात. घ्यायचाच असेल तर दोन्हींच्या चाचण्या आणि बीव्हीडीचीही, म्हणजे गुरांच्या विषाणूजन्य हगवणीच्या रोगाची. कधीही गाईवर न गेलेला वळू या बाबतीत निर्धास्त, बीव्हीडीची चाचणी मात्र त्याचीही करा.

रानवारा
पण डॉक्टर, 34 माद्यांना एक कोवळा वळू पुरेल का? माझं पहिल्यावर मन बसायचं खरं कारण तेच होतं.

जुना गुराखी
नाही पुरणार. आमचा ठोकताळा असा, पहिल्या हंगामाला वळूचं वय जितके महिने तितक्या गाई. 15 महिन्यांच्याला 15. दोन वर्षांच्याला वीस-पंचवीस. पूर्ण वाढलेल्याला पंचवीस-तीस. दोन घ्या. पण मोठा आणि कोवळा एकाच रानात सोडू नका, मोठा त्याला गाईजवळ फिरकू देत नाही. कालवडी वेगळ्या, त्यांचा वळू वेगळा.

चारापाणी
आणि स्वभाव विसरू नका. वळू तुमच्याकडे आडवा उभा राहून, मान खाली घालून, आपली सगळी लांबी दाखवत असेल तर ती धमकी असते. बाटलीवर एकट्यानं वाढवलेला गोऱ्हा सर्वांत धोक्याचा. त्याला माणसाची भीतीच उरलेली नसते, माणसाला तो आपल्यातलाच एक समजतो आणि मोठा झाला की आपल्यातल्याशी लढतो. तो कसा वाढला हे मालकाला विचाराच.

रानवारा
मंडळी, काल तिघांकडे पुन्हा जाऊन आलो. यावेळी हातात फीत, बरोबर आमचे पशुवैद्य.
पहिला. ओल्या जागेवरून चालवायला सांगितलं. मागचा ठसा पुढच्यापासून जवळजवळ वीतभर अलीकडे. पहिल्या भेटीत हे माझ्या समोरच होतं आणि मी पुठ्ठा बघत बसलो होतो. अंडकोषाची मान वरून खालपर्यंत एकसारखी जाड. चाचण्यांबद्दल विचारल्यावर मालक म्हणाले, आजवर गरज पडली नाही. तिथेच थांबलो.
दुसरा. हा चालला आणि मागचा खूर पुढच्या ठशात जाऊन बसला. मी दोनदा चालवला, दोन्ही वेळा तेच. घेर 37. दोन्ही वृषणं सारखी, डॉक्टरांनी माझाही हात धरून चाचपायला लावलं, आतून टणक रबरासारखी लागली. नीट आकाराचे शुक्राणू 81 टक्के. जनुकीय दोषांच्या चाचण्या स्वच्छ. सुलभ प्रसूतीचा आकडा मध्यम, दूध तोडतानाचं वजन सरासरीच्या वर. त्याची आई तिथेच चरत होती, सात वेतांची, कास अजून गुडघ्यांच्या वर. गोठेवाला, तुमची आठवण झाली.
तिसरा खोंड. घेर 33, पाय चांगले, सुलभ प्रसूतीचा आकडा तिघांत उत्तम. शिश्नाच्या खालच्या बाजूला एक पडदा होता, डॉक्टरांनी तो तिथेच सोडवला आणि जखम भरेपर्यंत गाईजवळ नेऊ नका म्हणाले.
दुसरा आणि तिसरा घेतोय. दुसरा 25 गाईंवर, तिसरा 9 कालवडींवर, मध्ये पक्कं कुंपण.

आकडेमोड
छान. खोंडाची तीन महिन्यांच्या आत पुन्हा तपासणी करून घ्या. आणि घरी आणल्यावर तीस दिवस कळपापासून वेगळे ठेवा दोघांनाही.

स्टेथोस्कोप
त्या तीस दिवसांत चारा हळूहळू बदला. एकदम खुराक बंद केलात तर उतरतील. आणि सोडल्यावर पहिला आठवडा रोज सकाळ-संध्याकाळ स्वतः उभं राहून बघा. चढतो का, चढून काम पूर्ण करतो का.

रानवारा
बऱ्याच दिवसांनी लिहितोय. तीस दिवस वेगळे ठेवले, खोंडाची जखम भरली, दुसरी तपासणीही पास झाली. मग सोडले. मोठा पहिल्याच संध्याकाळी कामाला लागला. खोंड दोन दिवस नुसता हुंगत फिरला, तिसऱ्या दिवशी चुकीच्या बाजूनं चढायचा प्रयत्न केला, माझ्या पोटात गोळा आला. चौथ्या दिवशी जमलं. मी कुंपणाला धरून उभा होतो.
कोणत्या दिवशी कोण माजावर, कोण फळली, सगळं वहीत लिहितोय. आज वळू सोडून 26 दिवस झाले. गाईंतल्या चार उलटल्या, कालवडींतली एक. 65 दिवस पुरे झाले की दोघांना बाहेर काढणार, आणि त्यानंतर महिन्याभरानं गाभण तपासणी. आकडा इथेच लिहीन.

चारापाणी
वाट बघते. तेराचा आकडा माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही, तुमच्या वहीत तो नसू दे.